खांद्यावरचे वाघ

सिंदेवाहीला गेले की अजूनही एखादं म्हातारं माणूस मला वाटेत थांबवतं आणि विचारतं, "काहो बाई, ते वाघवाले साहेब याद आहेत का तुमाले?" मी हो म्हणते. मग ते सोबतच्या नातवाला माहिती पुरवतं, की फौजेत वाघाचं एक पद असते, कर्नलच्याही वरचं, आणि साऱ्या हिंदुस्थानात ते आपल्या गावच्या एकट्या साहेबाले भेटलं होतं. मी जन्माची मास्तरीण. चुकीचं काही कानावर पडलं की माझी जीभ वळवळायला लागते. फौजेत वाघाचं पद नाही. कधी नव्हतं. सिंह आहे, आणि त्याआधी मुकुट होता. पण या एका बाबतीत मी कुणाला दुरुस्त करत नाही. ते वाघ साहेबांच्या खांद्यावर चढले तेव्हा मी समोर उभी होते, आणि मला विचाराल तर ते पद खरंच वरचं होतं.

साहेब आमचे घरमालक. मी वरोऱ्याहून मुलींच्या शाळेवर आले तेव्हा जागा बघायला आईला घेऊन त्यांच्याकडे गेले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा सदरा, आणि पाठ अशी ताठ की मला वाटलं, याला लचक भरली आहे. भाडं नाही, जात नाही, माणसं किती तेही नाही. पहिला प्रश्न काय, तर "आपली नोकरी किती वर्षांची?"

"सहा," मी म्हटलं.

"मग आपण उजवीकडच्या खोल्या घ्या. ज्येष्ठ माणूस उजवीकडे असतो. मी आता नोकरीत नाही, मी डावीकडे राहीन."

आणि खरंच, स्वतःचं सामान हलवून ते डावीकडे गेले. आईनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "पोरी, हा बुवा येडा हाय, पण खोल्या उजेडाच्या हायेत. राहू."

सगळ्यांना आपण म्हणायची त्यांची सवय. दूधवाल्याला आपण, मला आपण, अंगणातल्या कुत्र्याला आपण. "आपण बाहेर बसा," असं म्हटलं की ते कुत्रंही बिचारं लाजल्यासारखं बाहेर जाऊन बसायचं. बाजाराची थैली कायम डाव्या हातात. छत्री डाव्या हातात. भाजीवालीकडून वांगीसुद्धा डाव्या हातानं घ्यायचे, म्हणून ती रागवायची, की डाव्या हातानं कोणी लक्ष्मीचा सौदा करते काय? पण उजवा हात मोकळा असला पाहिजे, असा त्यांचा कायदा. रस्त्यानं कुणी सलाम केला तर उत्तर द्यायला हात गुंतलेला नको.

"सलाम करणाऱ्याचा हात वर असतो," ते समजावून सांगायचे. "वरिष्ठानं उत्तर दिल्याशिवाय तो खाली आणता येत नाही. मी थैली ठेवेपर्यंत त्या माणसानं तसंच उभं राहायचं काय?"

आता आमच्या शाळेच्या पोरी म्हणजे एकेक डांबरट. त्यांना हे कळल्यावर काय विचारता! शाळा सुटली की रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या राहायच्या आणि साहेब दिसले की एकीमागून एक सलाम ठोकायच्या. साहेब प्रत्येकीला थांबून उत्तर द्यायचे. पोरी तोंड दाबून हसायच्या. मी एकदा चांगली छडी घेऊन धावले, तर साहेबांनीच मला अडवलं. म्हणाले, "बाई, त्यांचा सलाम खोटा असेल. माझं उत्तर खरं आहे. आणि सलाम काही माणसाला नसतो, खांद्याला असतो."

खांद्याचं ते शास्त्र त्यांनी आईला आणि मला पोळपाटावर शिकवलं. आई पुरणपोळ्या करत होती. साहेबांनी हरभऱ्याची डाळ घेतली आणि दाणे मांडले. दोन दाणे म्हणजे दोन तारे, तो लेफ्टनंट, नुकता मिसरूड फुटलेला पोरगा. तीन तारे, कॅप्टन. मग मेजर झाला की तारे सगळे उतरतात आणि एकटा मुकुट बसतो. मुकुटासाठी त्यांनी सुपारी ठेवली. सुपारी आणि एक दाणा, लेफ्टनंट कर्नल. सुपारी आणि दोन दाणे, कर्नल. म्हणजे ते स्वतः.

"आणि कर्नलचं काम काय?" मी विचारलं.

साहेबांनी सुपारी जरा सरळ केली. "त्याच्या खालच्याकडे एक पलटण असते. वरचा ब्रिगेडियर, त्याच्याकडे तीन पलटणी. मध्ये कर्नल. त्याच्याकडे टेबल असतं."

आई खो खो हसली. पण ते हसले नाहीत. लढाईत ते रसदेच्या खात्यावर होते. ब्रह्मदेशच्या जंगलात तांदूळ, मीठ, खेचरांचा दाणा वेळेवर पोचवणं हे त्यांचं काम. गोळी त्यांनी कधी झाडली की नाही देव जाणे, पण मिठाबद्दल ते देवाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

आणखी एक खोड सांगते, कारण पुढचं सारं तिच्यावर आहे. समोर लाडवांचं ताट ठेवून आई म्हणायची, "घ्या कर्नलभाऊ." ते घ्यायचे नाहीत. नुसते बसून राहायचे. आई पुन्हा म्हणायची, अवो घ्या ना! तरी नाही. शेवटी आईनं लाडू उचलून हातावर ठेवला की लगेच खायचे, तेही आवडीनं. आईचा जीव कासावीस व्हायचा. एकदा तिनं रागानं विचारलंच, तुमच्या हाताले काय मेंदी लावली हाय? तर म्हणाले, "दिलेलं घ्यायचं, उचलायचं नाही. फौजेत पदही असंच असतं. ते दुकानातून आणून लावत नाहीत. वरिष्ठ माणूस समोर उभा राहून आपल्या हातानं खांद्यावर चढवतो. मग ते आपलं."

घरात तिसरा माणूस दसरू. साहेबांचा अर्दली. वैनगंगेपलीकडच्या, गडचिरोलीच्या पुढल्या रानातल्या गावचा. उंच, काळा, बोलायला फटकळ. लढाईभर साहेबांसोबत होता. अर्दली साहेबामागे जातो ही जगाची रीत. इथे उलट झालं. साहेबांना बायको नव्हती, साताऱ्याकडचं घर भावकीत गेलेलं. नोकरी संपल्यावर कुठं जायचं हे त्यांना सुचेना, तेव्हा दसरू म्हणाला, चला आमच्या झाडीच्या मुलखात, धान बरं पिकते. आणि साहेब अर्दलीमागे निघाले. सिंदेवाहीला रेल्वे आहे, डाक आहे, दसरूचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर आहे, म्हणून इथं घर घेतलं. दसरू रोज सकाळी चहाचा पेला ठेवायचा, दोन पावलं मागे सरून सलाम करायचा, साहेब उत्तर द्यायचे, मगच त्या घरात दिवस उजाडायचा.

आता मुकुटाचं सांगते.

साहेब नोकरीतून उतरले आणि थोड्याच महिन्यांनी देशाचं राज्य प्रजेचं झालं. फौजेच्या खांद्यावरचा मुकुट गेला, त्या जागी अशोकाचे सिंह आले. नोकरीत असलेल्यांना ते मिळाले. साहेबांनी वर्तमानपत्रात वाचलं, उठले, पेटीतून वर्दी काढली आणि दोन्ही खांद्यांवरचे मुकुट स्वतःच्या हातानं उतरवून ठेवले. राजा गेला, आता त्याचं डोकं माझ्या खांद्यावर कशाला? इथवर मलाही पटतं. पण मग सिंह लावावेत की नाही? नाही! त्यांचं म्हणणं, सिंहाखाली मी एक दिवस नोकरी केली नाही. मला तो कुणी दिला नाही. उचलायचा नाही.

म्हणजे उरले काय? दोन तारे. सुपारी गेली, दाणे राहिले.

त्यातही गंमत पुढे आहे. त्या जुन्या ताऱ्यांच्या मध्यभागी बारीक बारीक तीन मुकुट कोरलेले असायचे. कुणाला दिसणार आहेत? पण साहेबांना ठाऊक होते ना. त्यांनी एक लहानशी कानस आणली आणि ओसरीवर बसून चारही तारे घासले, पार गुळगुळीत होईपर्यंत. आई म्हणाली, हा माणूस सुखानं जगणार नाही. कानस मात्र त्यांनी टाकली नाही. वर्दीच्या खिशातच ठेवली.

वर्दी वर्षातून दोनदाच बाहेर यायची, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, शाळेच्या झेंड्याला. कॉलरवर कर्नलच्या लाल पट्ट्या होत्या, पण लाल पट्ट्या बँडवाल्यांच्याही असतात. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस त्यांना एकतर लेफ्टनंट समजायचा, नाहीतर क्लॅरिनेटवाला. साठीकडे झुकलेला लेफ्टनंट! कुणी विचारलं तर साहेब सांगायचे की कर्नल. पण आपण होऊन कधी नाही. आणि एखादा पोलीस इन्स्पेक्टर तीन तारे लावून आला, की आमचे साहेब स्वतः आधी ताठ उभे राहून त्याला सलाम करायचे. का, तर त्याच्या खांद्यावर एक तारा जास्त आहे. मला असा संताप यायचा म्हणून सांगू!

संताप दसरूलाही यायचा. पण त्याच्या संतापाला पुढे कारण झालं.

दसरूची पोरगी पारबता, चांगली मोठी झालेली, गावी आजीजवळ राहायची. तिला एक चांगलं स्थळ आलं. घरचं धान, दोन बैलजोड्या, पोरगा निर्व्यसनी. पोरीलाही पोरगा पसंत होता, जत्रेत पाहिलेला. दसरूनं व्याह्यांना सांगितलं होतं, की मी कर्नलचा अर्दली, आमच्या साहेबाच्या वर साऱ्या फौजेत मोजके लोक. झाडीत माणसाचा शब्द हीच त्याची इस्टेट. बोलणी पुढे सरकली. आणि त्याच जानेवारीत आमच्या ठाण्यावर नवा हवालदार आला, तो नेमका त्या पोराचा मामा. झेंड्याला बंदोबस्ताला उभा होता. त्यानं साहेबांना पाहिलं.

त्यानं नुसते दोन तारे पाहिले असते तरी निभावलं असतं. पण हवालदार निघाला वर्दीतला जाणकार. साहेबांची वर्दी उन्हानं विटलेली, आणि मुकुट वर्षानुवर्षं जिथं होता तिथलं खाकी कापड मात्र गडद राहिलेलं. मुकुटाच्या आकाराचा डागच, दोन्ही खांद्यांवर. पोलिसात फीत उतरवली की बाहीवर अशीच खूण राहते. त्याला ते बरोबर ठाऊक होतं, कारण एकदा त्याची स्वतःची उतरली होती. शितावरून भाताची परीक्षा! त्यानं बहिणीच्या घरी निरोप धाडला, की दसरूचा साहेब कर्नल नाही, शिक्षा होऊन उतरवलेला माणूस आहे. रसदीवर होता म्हणतात, मीठ-तांदूळ विकला असन. आणि तुमचा होणारा व्याही त्याचीच भांडी घासते अन् तुमाले थापा मारते.

व्याह्यांनी कळवलं, फागुनात शेवटचं बोलायला येतो, पण मन लागत नाही. खोटं बोलणाऱ्या घरची सोयरीक नको.

हे दसरूनं साहेबांना सांगितलं नाही. आईला सांगितलं, चुलीपाशी बसून. "बाई, मी जिंदगीत एक गोष्ट खरी सांगितली, तीच खोटी ठरली. पोरगी रडून राह्यली तिकडं. साहेबाले कसं सांगू? साहेबाले चोर म्हणून राह्यले लोक, हे मी माह्या तोंडानं कसं सांगू?"

आणि मग तो आठ दिवसांची सुट्टी मागून गावी गेला. आला तेव्हा फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. साहेबांच्या टेबलावर त्यानं ते उघडलं. मी शाळेच्या वह्या तपासत तिथंच बसले होते.

त्यांच्या बाजूला पितळ ओतणारे कारागीर आहेत. मेणाचा आकार करायचा, वर माती थापायची, मेण वितळवून पितळ ओतायचं. देव, घोडे, बैलांच्या घंटा असं करतात. दसरूनं अशा एका म्हाताऱ्याला नव्या रुपयावरचे सिंह दाखवले आणि म्हटलं, असे दोन करून दे, खांद्यावर लावायचे, मागे टाचण्या पाहिजेत. म्हाताऱ्यानं जीव ओतून केले होते. तीन जनावरं, पाठीला पाठ लावून, छाती काढून बसलेली. फक्त त्यानं जन्मात सिंह पाहिला नव्हता. रुपयावरचं जनावर त्याच्या ओळखीचं होतं तेच त्यानं केलं. बारीक बारीक पट्टे, कपाळावर रेघा, आणि एकेकाच्या तोंडावर असा रुबाब की बघत राहावं.

साहेबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "दसरू, हे वाघ आहेत."

"हो साहेब."

"सिंह नाहीत."

"सिंह कोणं पाह्यला साहेब? वाघ तं आमच्या बांधावरून जाते." मग तो एकदम विनवायला लागला. "तुमी लावून घ्या. एक डाव लावून चला गावाले. मंग काढून टाका, मी काई बोलनार नाई."

साहेबांना कशासाठी ते माहीत नव्हतं. त्यांनी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, शांतपणे. "दसरू, पद उचलून लावायचं नसतं. आणि हे तर पदही नाही. असं खोटं चिन्ह लावणाऱ्या माणसाला मी शिक्षा दिली असती."

दसरूनं फडकं तसंच टेबलावर ठेवलं आणि परत गावी निघून गेला. सलाम न करता. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. साहेबांचा उजवा हात अर्ध्यावर उठला होता, तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी वह्या आपटल्या आणि सगळं सांगितलं. हवालदार, डाग, मीठ विकल्याचं, पारबताचं रडणं, सगळं. आई दारातून डोळे वटारत होती, पण मी कुणाचं ऐकते! शेवटी म्हटलं, "साहेब, तत्त्व तुमच्या खांद्यावर आहे, पण ओझं दसरूच्या डोक्यावर आहे. तुम्ही सुखानं रिकामा खांदा मिरवता आणि तो खोटारडा ठरतो. दिलेलं घ्यायचं म्हणता, मग त्यानं आणून दिलं ते काय होतं? सिंह देणारा दिल्लीहून सिंदेवाहीला येणार आहे का?"

साहेबांनी वाघांचं फडकं परत गुंडाळून ठेवलं. मिठाबद्दल चोर म्हटलं याचं त्यांना लागलं असेल असं मला वाटलं, पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, दसरूला किती दिवसांपासून हे ठाऊक होतं? आणि तो रोज सलाम करत होता?"

मग म्हणाले, "त्या गावाला जायची व्यवस्था करू. आपण आणि आई, दोघी चला. साक्षीला ज्येष्ठ माणसं हवीत."

व्याहाडपर्यंत मोटार, डोंग्यानं वैनगंगा, पुढे निरोप पोचल्यावर दसरूनं पाठवलेली बैलबंडी. पळस पेटलेला, मोहफुलं नुकती पडायला लागलेली, सगळ्या रानाला तो गोड उग्र वास. साहेब बंडीत वर्दी घालून ताठ बसलेले, खांद्यावर तेच दोन घासलेले तारे आणि डाग. वाघ कुठं आहेत हे आम्ही विचारलं नाही. आई हळूच म्हणाली, "हा बुवा तसाच चालला, रिकामा. आता पोरीचं काई खरं नाई."

गावात मोहाच्या झाडाखाली माणसं बसली होती. एका बाजूला दसरू आणि गावकरी. दुसऱ्या बाजूला व्याही, चांगला जाडजूड शहाणा माणूस, आणि त्याच्या शेजारी हवालदार, चक्क वर्दीत, पितळी गुंड्या लखलख घासलेल्या. साहेबांना बघून दसरू उठला, पण त्याची मान खालीच.

साहेबांनी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. "मी ऐकलं की माझ्या खांद्यावरच्या डागाबद्दल प्रश्न आहे. डाग खरा आहे. तिथं मुकुट होता. तो मीच काढला. राजा गेला म्हणून."

हवालदार हसला. "साहेब, रागवू नोका. पण आपल्या हातानं कोणी फीत उतरवते का? आजवर कोणं उतरवली?"

खरं सांगते, मीही अडखळले. कारण प्रश्न बरोबर होता. जगात असं कोण करतं?

साहेबांनी खांद्यावरचा एक तारा काढून व्याह्यांच्या हातावर ठेवला. मग खिशातून ती कानस काढली आणि तीही ठेवली. "याच्या मध्ये तीन लहान मुकुट होते. मी या कानशीनं घासले. बोट फिरवून बघा."

व्याह्यांनी बोट फिरवलं. तारा उन्हात धरला, कडा पाहिल्या, मधला गुळगुळीतपणा पाहिला, कानशीचे दात पाहिले. शेतकरी माणूस, अवजाराची खूण ओळखणारा. बराच वेळ लावला त्यानं. मग तो मेहुण्याकडे वळला. "भाऊ, तुह्यी फीत उतरवली तवा तुह्या साहेबानं काय केल्तं?"

"काय करन? फाडून घेतली," हवालदार चिडून म्हणाला.

"तेच म्हणतो मी. शिक्षा देणारा फाडून घेते. तो काई ओसरीवर बसून एवढ्याशा फुलावर कानस घासत नाई. एवढं बारीक काम ज्याचं त्यानंच केलेलं असते."

झाडाखाली कुजबुज झाली. एक म्हातारा हसला. हवालदाराचं तोंड उतरलं, आणि तेवढ्यात साहेब त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, आता याची खरडपट्टी काढतात. साहेब वाकले आणि त्याच्या कोटाच्या गुंड्या निरखून पाहू लागले. जुन्या साठ्यातला कोट होता. प्रत्येक लखलखीत गुंडीवर छानपैकी मुकुट.

"हवालदारसाहेब," साहेब अगदी हळू, आदरानं म्हणाले, "राजा आपल्याकडे अजून मुक्कामाला आहे. आपली इच्छा असेल तर कानस घेऊन जा. मला आता तिचं काम नाही."

मग काय हशा पिकला! हवालदारानं खाली छातीकडे पाहिलं आणि बिचारा स्वतःही हसला. कानस त्यानं घेतली, हे मी मुद्दाम सांगते. व्याह्यांनी मोहाचा द्रोण भरला आणि दसरूच्या हातात दिला. म्हणजे सोयरीक पक्की. घराच्या दारातून कुणीतरी पोरगी आत पळाली, ती पारबता असणार.

काम झालं होतं. साहेब तसेच परतू शकले असते. पण त्यांनी तारा पुन्हा खांद्यावर लावला आणि विचारलं, "या गावात सगळ्यात ज्येष्ठ कोण?"

लोकांनी दसरूच्या आईकडे बोट दाखवलं. भिंतीला टेकून बसलेली, डोळ्यांनी अंधुक झालेली, कमरेत पार वाकलेली म्हातारी. साहेब तिच्यासमोर गेले आणि कर्नलच्या वर्दीनिशी मातीत उकिडवे बसले. खिशातून फडकं काढलं. वाघ त्यातच होते.

"आई, हे माझ्या खांद्यावर लावायचे आहेत. मला स्वतःला लावता येत नाहीत. कायदा नाही. वरच्या माणसानं लावावे लागतात."

म्हातारीनं वाघ चाचपले. एकेका पट्ट्यावरून बोट फिरवलं. "हे तं वाघ हाय बापा."

"हो. आपल्याकडचेच."

"मंग बरं हाय. वळखीचा हाय." ती सरकली. "कुठी लावू?"

"जिथं डाग आहे तिथं."

डाग तिला काय दिसणार! तिनं बोटांनी टाचणीची जुनी भोकं शोधली आणि त्यात वाघ बसवले. एका खांद्यावरचे नीट बसले, दुसऱ्या खांद्यावरचे उलटे, पाय वर डोकं खाली. दसरू घाईनं पुढे झाला, "माय, उलटे झाले वो!" तर साहेबांनी त्याला थांबवलं. "राहू द्या. वरिष्ठांनी लावले आहेत." आणि मरेपर्यंत प्रत्येक झेंड्याला ते तसेच लावून आले, एका खांद्यावर सरळ, एका खांद्यावर उलटे. मोठमोठे अधिकारी चमकून बघायचे. कुणी विचारलंच तर साहेब म्हणायचे, "मला दिलेले आहेत." पुढे एक अक्षर नाही.

म्हातारी उठायला लागली. उठायला आधार म्हणून तिनं समोर आला तो हात धरला. तो साहेबांचा उजवा हात होता. दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तशीच वाकून उभी राहिली, सोडेना.

तेव्हा दसरू समोर आला. लग्नकार्याचं नवं पागोटं, पाय अनवाणी. टाचा जुळवल्या आणि सलाम केला. महिन्याभराचा तुंबलेला सलाम होता तो. हात कपाळाशी, नजर साहेबांच्या खांद्यावर.

साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. म्हातारीच्या हाताकडे पाहिलं. बाजारात वांगी डाव्या हातानं घेणारा हा माणूस, पोरींच्या खोट्या सलामालासुद्धा थांबून उत्तर देणारा. हात जरासा ओढला असता तर सुटला असता. त्यांनी तो ओढला नाही. दसरूचा हात वर तसाच. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "अवो, सोड म्हणा ना बुढीले." माझे डोळे भरून आले होते. साहेबांच्याही मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

शेवटी दसरूनंच हात खाली आणला. उत्तराची वाट न बघता, साऱ्या जन्मात पहिल्यांदा.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "भेटलं."